डावा पंख

४ फेब्रुवारी

मानवजातीने आजवर सोसलेल्या अन्यायांमध्ये चिकटपट्टीचं टोक न सापडणं या अन्यायाची नोंद एकाही इतिहासकाराने घेतलेली नाही. ती मी घेतो. आज सकाळी नमुन्यांचं खोकं बंद करायचं होतं. पट्टीचं भेंडोळं हातात घेऊन चहा गार होईपर्यंत फिरवत बसलो. नखाने खरवडलं, उजेडाकडे धरलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. टोक नाही. कारखान्याने सुरुवात आणि शेवट स्वतःकडे ठेवून आम्हाला फक्त मधला भाग पाठवला असावा.

"आण इकडे," धाकटा भाऊ म्हणाला. त्याने दोनदा नख लावून पाहिलं आणि तिसऱ्यांदा भेंडोळं उचलून काचेच्या कपाटावर भिरकावलं. काच खळ्ळकन खाली आली. आतले प्लास्टरचे जबडे एकमेकांवर आपटून फुटले. मग हा पोट धरून हसायला लागला. "बघ, सुटलं तुझं टोक!" खरंच सुटलं होतं.

आमच्या घराण्यात राग दागिन्यासारखा बापाकडून मुलाकडे येतो. बाबांनी हयातीत एक रेडिओ, दोन खुर्च्या आणि एक शेजारी फोडला. धाकट्याला त्यांचा हात मिळाला, मला नुसती जीभ. वाटणीत मी नागवला गेलो, पण माझ्यामुळे काचवाल्याचं पोट चालत नाही, एवढं समाधान आहे.

भावजय केरसुणी घेऊन आधीच दारात उभी होती. तिला आधी चाहूल कशी लागते, कोण जाणे.

९ फेब्रुवारी

ही वही कशासाठी, ते लिहून ठेवतो. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आमची कार्यशाळा आहे. वाकडे दात सरळ करायला दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे अलाइनर आम्ही बनवतो. विकणं, बोलणं, गोड हसणं धाकट्याकडे. डोकं खाजवणं माझ्याकडे. मागच्या खोल्यांत आई, धाकटा आणि भावजय राहतात. मी कार्यशाळेतच पथारी टाकतो. कम्प्रेसर चालू असला की घरातलं काही ऐकू येत नाही, हा त्या यंत्राचा एकमेव गुण.

आता नवं काम. जबडा जागेवरून सरकलेल्यांसाठी वरच्या आणि खालच्या अलाइनरला दोन्ही बाजूंनी पंख काढायचे. तोंड मिटताना खालचे पंख वरच्यांच्या पुढे अडकतात आणि जबडा हवा तिथे येऊन बसतो. कल्पना सुरेख आहे, पंख मात्र नालायक. तापवलेलं प्लास्टिक साच्यावर दाबलं की पंखाच्या कोपऱ्यावर ते ताणून ताणून कांद्याच्या सालीइतकं पातळ होतं. आत पोकळ, वरून पातळ. चावलं की चेपलं. पोकळीत हाताने राळ भरावी तर एकेका पंखाला इतका वेळ लागतो की तोवर रोग्याचे दात पडतील.

दवाखान्यांची एक मोठी साखळी आमचा नमुना घ्यायला तयार आहे. अट एकच: खऱ्या तोंडात न मोडणारा नमुना जूनअखेरपर्यंत दाखवायचा. चाचणीवर देखरेख दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची. जमला नाही तर काम गेलं, आणि कर्जावर घेतलेलं दाबयंत्र बँक उचलून नेईल.

खरं तोंड भावजयीचं. तिचा जबडा उजवीकडे सरकलाय, उघडताना कटकट वाजतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी मार लागला होता का?" ती म्हणाली, "लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते." म्हणजे आम्हाला घरबसल्या रोगी मिळाला. नशीब लागतं.

२२ फेब्रुवारी

मोडला. डावा, खालचा. मधोमध तडा.

"काय खाल्लंस?"

"मऊ भात, दादा."

"भाताने पंख मोडत नाही."

"मग तुमच्या पंखाला विचारा. मी काय त्याच्या तोंडात होते?"

ही बाई बोलायला माझ्या वरताण आहे. हसताना मात्र गालावर हात ठेवून हसते. डावा गाल सुजलेला दिसला. पंखाची कडा टोचत असणार. कड अजून घासायला हवी.

१५ मार्च

कोपरे गोल केले, पंखाच्या भिंतींना उतार दिला. उतारामुळे प्लास्टिक कमी ताणलं जातं आणि साच्यावरून एका ओढीत सुटतंही. पूर्वी सोडवताना दर चौथा तुकडा फाटायचा. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आज सकाळी डावा पुन्हा मोडून हातात आला.

पुन्हा डावाच. उजव्याला ओरखडा नाही. साचा तिरपा असेल म्हणून मोजला, सरळ आहे. ती डाव्या बाजूने जास्त चावत असेल. उद्यापासून उजवीकडून चावायला सांगतो.

जेवताना आईला म्हटलं, "तुझ्या सुनेचे दात लोखंडाचे आहेत." आई कवळी काढून धूत होती. पस्तिशीच्या आत तिचे पुढचे दात गेले. हिरड्या कमकुवत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या धंद्यात आल्यावर मी पहिली कवळी तिच्यासाठीच बनवली. आई म्हणाली, "या घरात बायकांचे दात टिकत नाहीत. पाणीच तसं आहे."

पाण्याचा आणि पंखाचा संबंध नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

३ एप्रिल

धाकट्याचा एक जुना गिऱ्हाईक दवाखाना फुटून दुसऱ्याकडे गेला. फोन ठेवून त्याने हातातला साचा भिंतीवर मारला, मग खुर्चीला लाथ, मग सामान घेऊन आलेल्या माणसाच्या गचांडीला हात. मी मध्ये पडलो. "सोड, त्याचा काय दोष?" सोडलं. लगेच त्याच माणसाला पाणी दिलं, खांद्यावर हात टाकून फाटकापर्यंत पोचवलं. असा आहे तो. वीज कडाडावी आणि लगेच ऊन पडावं. लोक त्याच्यावर जीव टाकतात, ते काही उगाच नाही.

४ एप्रिल

डावा मोडला. या वेळी चक्क दोन तुकडे.

आज माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या खेपांनाही आदल्या दिवशी धंद्यात काहीतरी वाईट घडलं होतं. म्हणजे घरातल्या ताणाने भावजय झोपेत दात आवळते! पुष्कळ लोक आवळतात. डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "तिला एकटीला पाठवा ना माझ्याकडे." धाकटा म्हणाला, "मी नेतो की." नेलंही. बायकोच्या औषधपाण्यात इतकं जातीने लक्ष घालणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

उलटपक्षी मी. लग्न न करून मी एका बाईवर उपकार केले, असं आई चारचौघांत सांगते. पूर्वी मला ती थट्टा वाटायची. अजूनही वाटते.

२६ एप्रिल

आज भावजयीने विचित्र मागणी केली. मी मापं घेत होतो. धाकटा बाहेर गेला होता.

"दादा, हा असाच राहू दे ना. थोडा कच्चा."

"कच्चा ठेवून कसं चालेल? जून जवळ आला."

"मोडतो तेच बरं असतं. कट् आवाज होतो. आवाज झाला की सगळं शांत होतं."

म्हटलं, सांध्यावरचा ताण सुटतो म्हणून तसं वाटत असेल, आणि मग तिला सांध्याचं शास्त्र सविस्तर सांगितलं. तिने हसून मान हलवली. "तुम्ही फार हुशार आहात, दादा," म्हणाली. हे कौतुक होतं की टोमणा, हे ठरवण्यात माझी दुपार गेली.

११ मे

सापडलं! समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर आज एक प्लंबर चढला होता. माणूस कसला, पाण्याची टाकीच. पत्रा इतका पातळ की हाताने वाकेल, तरी हा त्यावर बिनदिक्कत चालत होता. का? पत्रा पन्हाळीचा! सपाट असता तर प्लंबर गोदामात उतरला असता, जिन्याची वाट न बघता.

पंखाला उभ्या पन्हाळ्या दिल्या. जाडी तीच, राळ नको, हाताने घासणं नको. तापवा, दाबा, ओढा, संपलं. एका दाबात जोडी तयार. संध्याकाळी बाकाच्या शिकंज्यात नमुन्याचा जबडा धरला आणि पंखावर हातोडीने मारलं. पंख तसाच. पुन्हा मारलं. मग मला चेव चढला. दात-ओठ खाऊन मारत सुटलो, शर्ट घामाने भिजला. शेवटी हातोडीचा दांडा सैल झाला, पंख नाही. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

धाकटा दारातून बघत होता. म्हणाला, "बाजूला सर." शिकंज्यातल्या जबड्यावर त्याने मूठ मारली. साधी नव्हे, खांद्यातून आलेली. बोटांची सालं निघाली. रक्त चोखत तो त्या पंखाकडे बराच वेळ बघत उभा राहिला.

"चांगला झालाय," म्हणाला.

मला वाटतं, माझं काम त्याला पहिल्यांदाच पटलं.

१४ मे

नवी जोडी भावजयीला बसवली. आरशात बघून म्हणाली, "आता नाही मोडायचा?"

"प्लंबर नाचला तरी नाही."

तिने आरसा पालथा ठेवला. बोलायला मजबूत असलेली बाई गप्प बसली की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

८ जून

पंख शाबूत. साखळीचे लोक दोनदा येऊन गेले. धाकट्याने त्यांना असं हसवलं की त्यांच्या पोटात दुखायला लागलं. एकाने भावजयीला विचारलं, "काही त्रास?" तिच्या आधी धाकटाच म्हणाला, "तिला कसला त्रास! घरची डॉक्टरकी आहे." सगळे हसले. मीही.

ते गेल्यावर कळलं की पैशांचा पहिला हप्ता त्यांनी पुढे ढकललाय. धाकट्याचा चेहरा उतरला. मी कम्प्रेसर लावला. दाबायचं तसं काही नव्हतं.

९ जून

रविवार. सकाळीच कम्प्रेसर चालू केला होता. आईने येऊन बटण बंद केलं. आयुष्यात तिने त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता.

"चल," म्हणाली.

मागच्या खोलीत भावजय भिंतीला टेकून बसली होती. तोंड मिटत नव्हतं. हनुवटी भलत्याच बाजूला गेली होती, आणि रक्त ओठांतून सुटून पदरावर, पदरावरून फरशीवर. गालाची आतली बाजू पंखावर फाटली होती. तिच्या गळ्यातून जो आवाज येत होता तो रडण्याचा नव्हता. श्वास घेण्याचा होता. धाकटा घरात नव्हता.

कोपऱ्यावरची टॅक्सी आणली. चालकाने एकदा मागे पाहिलं, गळ्यातला टॉवेल काढून माझ्या हातात दिला. "दाबून धरा साहेब. पडल्या का?"

"जिन्यावरून," मी म्हणालो.

शब्द माझ्या तोंडून असा निघाला, जणू पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बसून होता. रुग्णालयातही तोच दिला. त्यांनी तो लिहून घेतला. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

जबड्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. नर्सने पिशवीत घालून अलाइनर आणून दिला. मी तो खिडकीशी नेला, चष्मा पुसला, डावा पंख उजेडाकडे धरला. तडा नाही. साधा चराही नाही. आणि क्षणभर मला आनंद झाला. हे मी लिहिलं नाही तर कोणीच लिहिणार नाही, म्हणून लिहितो. क्षणभर मला आनंद झाला.

११ जून

धाकटा सकाळी कार्यशाळेत आला, जणू मधले दिवस कॅलेंडरात नव्हतेच. उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं, मूठ वांग्यासारखी सुजलेली.

"कशी आहे ती?"

मी हातातला साचा पुसत राहिलो.

"मुद्दाम नाही रे केलं," तो म्हणाला. "तुझ्या त्या पंखाने माझाच हात फोडला. गालातूनसुद्धा लागतो." मग बाकावर बसला आणि अगदी लहान असताना बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "आधीचे बरे होते. कट् वाजायचं आणि मला भान यायचं. मी थांबायचो. हा मोडेचना, दादा. मी वाट बघत होतो. हा मोडेचना."

माझा हात कधी उचलला गेला ते मला कळलं नाही. पहिला ठोसा तोंडावर बसला. तो बाकावरून खाली गेला, मी त्याच्या मागोमाग. गुडघा त्याच्या छातीवर होता. दुसरा, तिसरा. त्याचा पुढचा दात माझ्या बोटांत रुतून तुटला. त्याने हात उचलला नाही. त्याने मार खाल्ला; मार खाणंही तो आमच्याच घरात शिकला होता. मला शिकावं लागलं नाही. हात कुठून न्यायचा, कुठे उतरवायचा, सगळं आधीच ठाऊक होतं. म्हणजे वाटणीत मी नागवला गेलो नव्हतो. माझा हिस्सा नुसता ठेवीत पडून होता.

"पुरे," आई दारातून म्हणाली. "आता तू नको."

मी थांबलो. ती आत आली, तोंडातून कवळी काढली आणि बाकावर ठेवली, माझीच बनावट, आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "हिरड्या कमकुवत नव्हत्या माझ्या."

मग पदर खोचून तिने दोन्ही मुलांचं रक्त पुसलं. आधी धाकट्याचं.

मी फोन करून पोलिसांना बोलावलं. ते येईपर्यंत धाकटा तिथेच बसून राहिला. पळाला असता तर मला सोपं गेलं असतं.

१२ जून

चौकीत जबाब दिला. माझ्या हाताचंही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

"तुम्ही मारताना पाहिलं?"

"नाही."

"आवाज ऐकला?"

"कम्प्रेसर चालू होता."

"रविवारी काम असतं तुमचं?"

"नसतं."

"मग कम्प्रेसर कशाला?"

लिहिणाऱ्याने पेन उचलून धरलं होतं. माझी जीभ, जिच्या जोरावर मी आजवर चारचौघांत मिरवलो, टाळूला चिकटून बसली. शेवटी म्हणालो, "ऐकू येऊ नये म्हणून."

हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. किंवा असेल.

१६ जून

भावजयीचा जबडा तारेने बांधलाय. पोलीसबाई खाटेशी बसल्या होत्या. ती मिटल्या दातांतून बोलते; नीट कान दिला तर कळतं. नीट कान दिला. सगळं सांगितलं तिने, झोपाळ्यापासून. झोपाळा नव्हताच.

त्या गेल्यावर मी खाली मान घालून उभा राहिलो. माफी मागायची कशी, याचं मला शिक्षण नाही. तीच म्हणाली, "दादा, तार बघितलीत? हे काम पक्कं. शिका काही यांच्याकडून."

मला हसू आलं आणि त्याचं पुढे भलतंच काही झालं; नर्सने मला बाहेर नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांना म्हटलं, चाचणी रद्द करा. एकही पंख चावण्याने मोडला नव्हता. त्यांनी मोडके तुकडे पुन्हा एकेक पाहिले. "मला शंका होती," म्हणाल्या. "मी आणखी जोर लावायला हवा होता." मग माझ्या उतार दिलेल्या दुसऱ्या नमुन्याकडे बोट दाखवलं: "चावण्यापुरता हा पुष्कळ होता. तिथेच तुमचं काम झालं होतं."

म्हणजे मार्चातच. त्यानंतरचं सगळं डोकं मी एका मुठीला पुरून उरेल असा पंख बनवण्यात घातलं, आणि मूठ कोणाची ते विचारलं नाही.

नव्याने चाचणी म्हणजे पुढचं वर्ष. साखळी थांबणार नाही. बँक थांबली तरच नवल.

३० जून

दाबयंत्र गेलं. कम्प्रेसरही. घर इतकं शांत झालं की आईने भाजी चिरलेली पुढच्या खोलीत ऐकू येते. पण आई उद्या जाणार. भावजयीने दवाखान्याजवळ एक खोली घेतलीय, आणि आई तिच्याबरोबर राहणार आहे. "आता माझ्याकडे कोण बघणार?" असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तूच बघ. नीट बघ."

धाकट्याला जामीन मिळाला तर इथे यायचं नाही, असं कोर्टाने सांगितलंय. त्याने निरोप पाठवला की दादाने भेटायला यावं. अजून गेलो नाही. जाईन. नाही जाणार. माहीत नाही.

१ जुलै

दोघींचं सामान पोचवून परत येताना दुकानातून एक टॉवेल घेतला. निळा, जाडसर. कोपऱ्यावर तो टॅक्सीवाला टपावर कोपर टेकून उभा होता. टॉवेल पुढे केला तर चक्रावला.

"हे काय?"

"त्या दिवशी तुमचा खराब झाला."

"अहो साहेब, तो गाडी पुसायचा होता!"

"मग हा अंग पुसायला ठेवा."

तो हसला, टॉवेल उलगडून गळ्यात टाकला, टोकं सारखी केली. "ताई कशा आहेत आता?"

"बऱ्या आहेत. बोलतात."

"देव पावला. पण एक सांगू का, राग मानू नका. त्या जिन्याला कठडा लावून घ्या. पुन्हा कोणी पडायला नको."

घरी जायची वाट मोकळी होती. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"जिना नाही आमच्याकडे," मी म्हणालो. "आमचं घर तळमजल्यावर आहे."